परतीचं तेल

सकाळी टाकीत तेल नसतं.
रात्री काठीवरच्या खुणेपर्यंत होतं,
मीच भरलेलं,
आणि फरशीवर डाग म्हणाल तर तळहाताएवढा.
मग जातं कुठे?

तीन वेळा ओतलं मी, हिशेब न विचारता.
चौथ्यांदा किक मारली तेव्हा मागच्या नळीतून
असा निळा धूर निघाला की
समोरच्या चॅपेलची पायरी दिसेना.
मिसेस प्रिदर्चनी वाळत घातलेल्या चादरी आत नेल्या
आणि मला काही बोलल्या नाहीत,
जे आमच्या गावात बोलण्यापेक्षा वाईट.

इद्वालकडे नेली. ढकलत. चढ आहे तो.
त्याची शेड खाणीच्या जुन्या ढिगाऱ्याला पाठ लावून,
छप्पर पाटीच्या दगडाचं, ओटा पाटीचा,
आणि लिहायलाही तिचाच फुटका तुकडा नि खडू,
कारण इद्वालचे शब्द ओठांच्या उंबऱ्याशी येऊन अडखळतात.
माझ्या नावात सुरुवातीलाच म.
चाळीस वर्षं शेजारी राहून
त्यानं मला कधी नावानं हाक मारलेली नाही.

त्यानं गाडी चालू केली, टाकीचं झाकण काढलं,
आत बॅटरी धरली.
परतीच्या नळीतून तेल येत होतं,
करंगळीएवढी धार, अखंड, लकाकती.
‘छान येतंय की!’ मी म्हटलं.
त्यानं मान हलवली आणि किल्ली फिरवली.

परात सरकवली. बूड उघडलं.
काळं, जाड, येतच राहिलं.
बाहेर एक मेंढी येऊन उभी राहून निघून गेली
तरी येत होतं.
पाटीवर: ‘मेरेरिद. सव्वादोन लिटर. सगळं इथेच.’

इंजिनाच्या तळाला संप म्हणतात.
आजोबांच्या खाणीत झाला तो वेगळा,
पण तेव्हाही एकदा खाली उतरलेले
पुन्हा वर जायला तयार नव्हते.

दोन बोटांत तेल चोळलं त्यानं, उजेडाकडे धरलं.
चंदेरी चमक नाही, म्हणजे बेअरिंग शाबूत.
दुधाळ नाही, म्हणजे पाणी नाही.
वास घेतला, पेट्रोल नाही.
प्रत्येक ‘नाही’ला एक खडूची रेघ.
मी तेव्हा पैशांचा विचार करत होते.

मग पंप. पंपात एक स्प्रिंग,
स्प्रिंगखाली वाटाण्याएवढी पोलादी गोळी.
तिला काम एकच,
इंजिन झोपलं की दार लावून घ्यायचं.
गोळीच्या बैठकीवर कुसळ होतं. धातूचं, पापणीच्या केसाएवढं.
डोळ्यात गेलं असतं तर त्याच क्षणी कळलं असतं.
इथे सबंध हिवाळा दार किलकिलं राहिलं
आणि वरचं सगळं रात्रभर खाली गळत राहिलं,
एक थेंबही बाहेर न सांडता.

बैठक पुसली. गोळी ठेवली.
तिच्यावर पितळी दांडा, दांड्यावर हातोडी.
ठक. एकदाच.
मी दुसऱ्या ठोक्याची वाट बघत राहिले.

नवं तेल. किक. बॅटरी.
नळी कोरडी.
मी आकडे मोजू लागले, वीसपर्यंत, तीसपर्यंत,
वाटलं, मारली हिला आम्ही.
मग एक बुडबुडा.
थुंकल्यासारखं थोडं तेल, मग हवा,
मग पुन्हा थोडं, मग काहीच नाही, मग फुर्र.
‘बिघडलंय,’ मी म्हटलं.

इद्वाल हसत होता.
खडू त्याच्या खिशात होता, त्यानं काढला नाही.
‘वर आणणारा प-पंप मोठा,’ तो म्हणाला,
‘खाली देणारा ल-लहान.
तळ रिकामा असला की… अ-अडखळतंच.
सलग आलं, तर समज… त-तुंबलंय.’
एवढं सलग तो बोलल्याचं मला आठवत नाही.

चाळीस पाउंड घेतले, आणि लीक घातलेला पाय.

सकाळी काठी बुडवली. एक बोट कमी.
सांगायला गेले तसाच हात तेलकट घेऊन.
एक बोट चालतं, असं त्यानं मानेनंच सांगितलं,
जुन्या यंत्रांचं तेवढं चालायचंच.
मी वळले, तेव्हा मागून म्हणाला, ‘म…’

मी थांबले.
घाई नव्हती.
टाकीच्या तोंडाशी थांबले होते, तशीच.